मालकांच्या बाजूचा कामगार वकील: हे काम नक्की काय असतं?

पेठेतली | १२ जानेवारी, रात्री ९.४०

लेकीचं एलएलबी झालं, सनदही मिळाली. शिवाजीनगरला एका वकिलांच्या ऑफिसात ज्युनिअर म्हणून बोलावणं आलं आहे. तिथे फक्त कामगार कायद्याचं काम चालतं, आणि तेही फक्त मालकांच्या, म्हणजे कंपन्यांच्या बाजूने. आठवड्याभरात हो-नाही कळवायचं आहे.

घरात दोन तट पडले आहेत. माझे सासरे पिंपरीच्या एका कारखान्यात होते, युनियनच्या कमिटीवर अनेकदा निवडून आले. ते विरोध करत नाहीत, पण "म्हणजे आता कामगाराच्या पोटावर पाय देणाऱ्याची फाईल सांभाळणार" एवढं बोलून गप्प बसले. नवऱ्याचं म्हणणं, वकिलाने वकिली करावी, भांडण पक्षकाराचं असतं. लेक स्वतः गोंधळली आहे. कॉलेजात कायदा शिकवला, पण असा वकील दिवसभर करतो काय, हे तिलाही नीट सांगता येईना.

इथे एचआरवाले, वकील, कारखानदार, नोकरदार सगळेच आहात. हे काम प्रत्यक्षात काय असतं? आणि कामगारांबद्दल आपुलकी असलेल्या मुलीने ते करावं का? मोकळेपणाने लिहा.

चाकणची धूळ | १२ जानेवारी, रात्री १०.१५

ताई, मी चाकणला गाड्यांचे पार्ट बनवणाऱ्या कंपनीत आयआर, म्हणजे कामगारांशी संबंधांचं काम बघतो. आमच्या वकिलांशी माझं सारखं बोलणं असतं आणि त्यात कोर्टाचा विषय फार कमी निघतो.

एक प्रसंग सांगतो. रात्रपाळीत दोन ऑपरेटरची मारामारी झाली. सकाळी मालक आले आणि गेटवरच म्हणाले, "दोघांनाही उद्यापासून आत घ्यायचं नाही." सिक्युरिटीला तसं सांगूनही टाकलं. मी वकिलांना फोन लावला. ते म्हणाले, आधी गेट उघडा. दोघांची वर्षातली २४० दिवसांची हजेरी केव्हाच भरली आहे, म्हणजे त्यांना कायद्याचं संरक्षण आहे. नोटीस नाही, भरपाई नाही, चौकशी नाही, आणि तोंडी काढलंत. उद्या ते कोर्टात गेले तर मारामारी राहील बाजूला आणि जबाब तुम्हाला द्यावा लागेल.

मग रीतसर निलंबनाचं पत्र, निम्म्या पगाराचा निर्वाहभत्ता, आरोपपत्र, उत्तराला मुदत, चौकशी. चौकशीत निघालं की हात एकानेच उचलला होता, दुसरा सोडवायला गेला होता. तो कामावर परत आला. मालकाचा सकाळचा हुकूम चालला असता तर तोही घरी बसला असता. वाचवला कोणी? मालकाच्या वकिलाने.

बेंचवरचा | १२ जानेवारी, रात्री ११.०२

दुसरी बाजूही वाचा. हिंजवडीला नोकरी करत होतो, कंपनीचं नाव घेत नाही. एका शुक्रवारी दुपारी मीटिंगला बोलावलं. लॅपटॉप टेबलावर ठेवायला सांगितला. समोर एचआरच्या दोघी आणि एक कागद: मी वैयक्तिक कारणास्तव राजीनामा देत आहे. सही केली तर दोन महिन्यांचा पगार आणि स्वच्छ रिलीव्हिंग लेटर, नाही केली तर टर्मिनेशन, आणि "बॅकग्राउंड चेकला ते दिसेल." घरी फोन करू का विचारलं, तर "सही झाल्यावर करा."

त्या दोघी हातातल्या कागदावरून वाचत होत्या. प्रत्येक प्रश्नाला उत्तर आधीच लिहिलेलं होतं. असा कागद एचआर एकटं लिहीत नाही, तो कोणत्या तरी वकिलाने तपासून दिलेला असतो. बायको सातव्या महिन्यात होती. मी सही केली. तुमच्या लेकीला असे कागद लिहावे लागणार असतील तर तिने जाऊ नये, एवढंच माझं मत.

दुपारची झोप | १३ जानेवारी, सकाळी ८.३०

आमच्या सोसायटीला वॉचमन बदलायचा होता. तीन सभा झाल्या, जोरदार ठराव झाले. शेवटी सेक्रेटरी बदलला, वॉचमन अजून तोच आहे.

टेकडीवर | १३ जानेवारी, सकाळी ८.५५

@दुपारची झोप, :)))) वॉचमन सगळ्यांच्या गाड्यांचे नंबर पाठ असलेला असेल, त्याला कोण काढणार!

सनद | १३ जानेवारी, सकाळी १०.२०

पेठेतलीताई, मी पुण्यात याच बाजूची वकिली करतो, केस पिकेपर्यंत हेच केलं आहे. तेव्हा सविस्तर लिहितो.

कामाचा मोठा भाग सल्ल्याचा. नेमणूकपत्र कसं असावं, स्थायी आदेश, म्हणजे नोकरीचे लेखी नियम, काय म्हणतात, कोणाला किती रजा, ओव्हरटाइम कसा धरायचा, कंत्राटदाराशी करार कसा हवा. मग वेतन करार. युनियन मागण्यांची यादी देते, त्यावर महिनोनमहिने बैठका चालतात, एकेका कलमावर वकिलाला बसावं लागतं, कारण सह्या झाल्या की तो करार दोन्ही बाजूंना बांधतो. आणि मग वाद: बडतर्फी, कपात (म्हणजे माणसं कमी करणं), संप, एमआरटीयू-पल्प कायद्याखालच्या तक्रारी. युनियनची मान्यता आणि अनुचित कामगार प्रथांना आळा, यासाठीचा महाराष्ट्राचा हा १९७१ चा कायदा. आम्ही बोलताना "यूएलपी टाकली" म्हणतो, म्हणजे अनुचित कामगार प्रथेची तक्रार. ती ९० दिवसांत करायची असते आणि त्यात अंतरिम आदेश मिळू शकतो. म्हणून मालकाच्या वकिलाची खरी धावपळ पहिल्या तारखेला असते.

एक गोष्ट तिला कॉलेजात कदाचित कोणी ठसवून सांगितली नसेल. औद्योगिक विवाद कायद्याच्या कलम ३६(४) प्रमाणे कामगार न्यायालयात वकिलाला उभं राहायचं तर समोरच्याची संमती आणि कोर्टाची परवानगी लागते. कामगार हरकत घेऊ शकतो. कायदा करणाऱ्यांना माहीत होतं की पैशाने वकील उभा करण्याची ताकद दोघांची सारखी नाही. मला ते कलम आवडतं, माझी अडचण झाली तरी.

आता बेंचवरचा यांचं. तुमच्याशी झालं ते चुकीचंच झालं, आणि तसा कागद मी लिहून देत नाही. दमदाटीने घेतलेला राजीनामा हा राजीनामा नव्हे, ती सेवासमाप्ती आहे आणि कोर्ट तसंच बघतं. फक्त दबाव होता हे सिद्ध करावं लागतं. म्हणून ज्यांच्यावर ही वेळ येईल त्यांनी त्याच दिवशी, घरी पोचताच, स्वतःच्या मेलवरून कंपनीला लिहावं: आज अमुक वाजता, अमुक खोलीत, अमुक शब्दांत माझ्याकडून सही घेतली. चार ओळी पुरतात.

आयटीवाले कामगार नाहीत, ही समजूतही एचआरने पसरवलेली आहे. पाटीवर मॅनेजर लिहिलं म्हणून कोणी मॅनेजर होत नाही, कोर्ट प्रत्यक्ष काम बघतं. पगाराची मर्यादा देखरेखीचं काम करणाऱ्याला आहे, तांत्रिक काम करणाऱ्याला नाही. दिवसभर कोड लिहिणाऱ्या, हाताखाली कोणी नसलेल्या माणसाला आपण कामगार आहोत असा दावा भक्कमपणे मांडता येतो. कंपनीला मी हे आधी सांगतो, कारण समोरचा वकील ते सांगणारच आहे.

बेंचवरचा | १३ जानेवारी, दुपारी १.१०

@सनद, हे तेव्हा कोणी सांगितलं असतं तर बरं झालं असतं. मनापासून धन्यवाद. पण तुमच्यासारखे किती?

जुना कामगार | १३ जानेवारी, दुपारी ४.४५

पेठेतलीबाईंच्या सासऱ्यांच्या वयाचा मी. भोसरीला होतो, युनियनचं कामही केलं. पिंपरी-चिंचवडमधला टेल्कोचा १९८९ चा लढा जवळून पाहिला. शनिवारवाड्यावर उपोषणाला बसलेल्या कामगारांना पोलिसांनी उचललं, तेव्हा साऱ्या पट्ट्यात चूल पेटली नव्हती म्हणा ना. त्या काळात मालकाचा वकील म्हणजे शत्रू, असंच आम्ही मानायचो.

पण करार करताना एक वकील आमच्यासमोर बसायचे. माणूस कडक. एकेक रुपयासाठी झगडायचे. मात्र एकदा मान डोलावली की दुसऱ्या दिवशी टाइप होऊन येणाऱ्या मसुद्यात तोच आकडा असायचा, स्वल्पविरामसुद्धा इकडचा तिकडे नाही. त्यांच्या जागी नंतर दुसरे आले. ते गोड बोलायचे, चहा पाजायचे, आणि मसुद्यात "उत्पादकतेच्या अधीन राहून" असे चार शब्द घुसडून आणायचे. आम्हाला पहिले परवडायचे.

मला राग आहे तो तारखांचा. आमच्या खात्यातल्या एका सोबत्याला काढलं. खोटा आरोप होता असं मी आजही म्हणतो. कोर्टात वर्षं गेली. पोरांची शिक्षणं होती, म्हणून तो चुलत भावाची रिक्षा चालवायला लागला. मग उलटतपासणीत मालकाच्या वकिलाने विचारलं, रिक्षा चालवता का? हो. बॅज आहे? हो. रोज किती मिळतात? तो म्हणाला, डिझेल जाऊन दीड-दोनशे. पुढचा प्रश्न, मग तुम्ही बेकार नव्हता तर? बाकावर बसून ऐकताना माझ्या डोळ्यांत पाणी आलं. त्याने काय उपाशी मरायला पाहिजे होतं? कायदा असेल तुमचा, पण लेकीला सांगा, हा प्रश्न विचारताना समोरच्याचं तोंड बघ.

रानवारा | १३ जानेवारी, रात्री ९.०५

काका, तुमचं वाचून गलबलून आलं. तरी माझी बाजू मांडते.

वडील गेल्यावर भोसरी एमआयडीसीतलं आमचं वर्कशॉप माझ्याकडे आलं. चौदा माणसं, सगळी वडिलांच्या काळची. "मालक" म्हटलं की लोकांना काचेचं ऑफिस दिसतं. मी शॉपफ्लोअरच्या कोपऱ्यात बसते, पगाराच्या दिवशी आधी त्यांचे पगार आणि उरलं तर माझं घर.

एक टर्नर काही न सांगता यायचा बंद झाला. फोन बंद. आम्ही दुसरा माणूस लावला. बऱ्याच महिन्यांनी त्याची नोटीस आली: मला बेकायदा काढलं, परत घ्या, मागचा सगळा पगार द्या. मला रात्र रात्र झोप नाही. वडिलांनी कोणालाच नेमणूकपत्र दिलं नव्हतं, हजेरी वहीत पेन्सिलने.

वकिलांनी पहिल्या भेटीत विचारलं, त्याला कामावर या असं एक तरी पत्र पाठवलंत का? नव्हतं पाठवलं. ते म्हणाले, मग आजच पाठवा, त्याच्या पुण्यातल्या आणि गावच्या दोन्ही पत्त्यांवर, रजिस्टर पोस्टाने, की काम तयार आहे, येऊन रुजू व्हा. गावचं पाकीट "घर बंद" असा शेरा घेऊन परत आलं. ते फोडू नका, तसंच फाईलला लावा, हेही त्यांनीच सांगितलं. पुण्याचं पत्र पोचलं आणि तो माणूस स्वतः भेटायला आला. त्याला परत यायचंच नव्हतं, दुसरीकडे जास्त पगारावर लागला होता. हिशेब हवा होता. ग्रॅच्युइटी आणि रजेचे पैसे त्याचे होतेच, ते दिले, वर थोडे दिले, आयुक्तालयात तडजोडीवर सह्या झाल्या. तो जाताना माझ्या आईला नमस्कार करून गेला.

त्यानंतर वकिलांनी मला चौदाही जणांची नेमणूकपत्रं करायला लावली, मराठीत. मला त्यांचा आधार वाटला, आणि माझ्या माणसांनाही हातात कागद आला. ताई, छोट्या कारखानदारालाही वकील लागतो, आणि तो चांगला असेल तर दोन्हीकडच्या लोकांचं भलं होतं.

टेकडीवर | १३ जानेवारी, रात्री १०.३०

सगळे भले वकील याच धाग्यावर जमलेत, छान वाटलं. पण मला कोणी सांगेल का, मग २४० दिवस भरायच्या आत ब्रेक द्यायची अक्कल चाकण-रांजणगावच्या कंपन्यांना शिकवली कोणी? सहा-सात महिने काम, मग ब्रेक, मग नवीन कंत्राटदाराच्या नावावर तोच माणूस, तेच मशीन. शिकाऊ म्हणून घ्यायचं आणि लाईन त्याच्यावरच चालवायची. माझा मावसभाऊ अशी चार ओळखपत्रं बाळगून आहे, प्रत्येकावर कंत्राटदार वेगळा, गेट एकच. ही योजना सुपरवायझरच्या डोक्यातून निघत नाही. वकिलांच्या ऑफिसातून निघते.

सनद | १३ जानेवारी, रात्री ११.२०

@टेकडीवर, तुमचा राग रास्त आहे आणि असे सल्ले देणारे आहेत, हे मी नाकारत नाही.

कायदा मात्र इतका आंधळा नाही. एमआरटीयू-पल्पच्या चौथ्या अनुसूचीतली सहावी बाब नेमकी हीच आहे: कायमपणाचे हक्क मिळू नयेत म्हणून माणसांना वर्षानुवर्षं बदली, हंगामी किंवा तात्पुरतं ठेवणं. २००६ च्या उमादेवी निकालानंतर मालक म्हणायला लागले की आता कायम करण्याचा आदेश कोणी देऊच शकत नाही. सर्वोच्च न्यायालयाने २००९ मध्ये एसटी महामंडळाच्या प्रकरणात स्पष्ट केलं की अनुचित प्रथा सिद्ध झाली तर औद्योगिक न्यायालयाचे अधिकार शाबूत आहेत. कंत्राटी कामगारांचं म्हणाल तर २००१ च्या स्टील अथॉरिटीच्या निकालाप्रमाणे ते आपोआप मुख्य मालकाचे होत नाहीत, पण कंत्राट नुसतं दिखाव्याचं असेल तर होतात. काम कोण सांगतं, रजा कोण मंजूर करतं, पाळी कोण बदलतं, हे बघतात. तुमच्या भावाने ती चारही ओळखपत्रं जपून ठेवावीत. तोच त्याचा पुरावा आहे.

जुना कामगारकाका, तुमच्या रिक्षावाल्या सोबत्याबद्दल. मागच्या पगाराचा कायदा २०१३ च्या दीपाली सुरवसे निकालाने बराच सरळ केला. काढणं बेकायदा ठरलं तर मागचा पगार मिळणं हा सर्वसाधारण नियम. कामगाराने आधी सांगायचं की मी बेकार होतो किंवा फार थोडं मिळत होतं. त्याला तेवढीच कमाई होती हे नाकारायचं असेल तर पुरावा मालकाने द्यायचा. पोट भरण्यासाठी चार पैसे मिळवले म्हणून हक्क गेला, असं आता सहज म्हणता येत नाही.

तारखांचं तुमचं म्हणणं शंभर टक्के खरं. भारत फोर्जचाच खटला घ्या, कायद्याच्या वर्गात शिकवतात. कामगार पाळीत झोपलेला सापडला १९८३ साली, आधीही तसे प्रकार झालेले होते. बडतर्फी योग्य, असा सर्वोच्च न्यायालयाचा शेवटचा निकाल आला २००५ मध्ये. मालक जिंकला. पण २२ वर्षं! त्यात कोणाचं काय भलं झालं? मी पक्षकाराला पहिल्याच दिवशी कागदावर हिशेब मांडून दाखवतो. ८ वर्षं नोकरी झालेल्या माणसाला कपातीत काढायचं तर वर्षाला १५ दिवस, म्हणजे १२० दिवसांचा पगार भरपाई आणि वर १ महिन्याची नोटीस किंवा तिचा पगार. ग्रॅच्युइटी वेगळी, ती त्याचीच आहे. हे पाच महिन्यांचे पैसे वाचवायला जाल, तर हरल्यावर कित्येक वर्षांचा पगार भराल आणि माणूस परत घ्याल ते वेगळंच. बहुतेक मालकांना हा हिशेब पटतो. ज्यांना पटत नाही त्यांना दुसरे वकील मिळतात.

एचआरवाली | १४ जानेवारी, सकाळी ११.००

संक्रांतीच्या शुभेच्छा सगळ्यांना, तिळगूळ घ्या आणि या धाग्यावर तरी गोड बोला. :)

बाणेरच्या एका कंपनीत आहे, कारखाना नाही, सगळं ऑफिस. आमच्याकडे कामगार वकिलाचं काम वेगळ्या जातीचं. आमचे संस्थापक एकदा म्हणाले, ती मुलगी प्रसूती रजेवर जाणार आहे, प्रोजेक्टही संपतंय, आधीच मोकळी करता येईल का, काही वाट काढा. कॉन्फरन्स कॉलवर वकीलबाई होत्या. त्या म्हणाल्या, "वाट नाही. २६ आठवडे भरपगारी रजा, आणि रजेवर असताना काढणं कायद्यानेच बेकायदा आहे. पुढचा विषय घ्या." एवढंच. मी तीन आठवडे हेच समजावत होते, माझं कोणी ऐकलं नव्हतं.

लैंगिक छळाच्या तक्रारींचं कामही वाढलं आहे. १० किंवा जास्त माणसं असतील तिथे अंतर्गत समिती हवीच, चौकशी ९० दिवसांत संपवायची, समितीसमोर दोन्हीकडून वकील आणायला मनाई. मग वकिलाचं काम काय? समितीला प्रशिक्षण देणं, अहवालावर कारवाई कशी करायची ते सांगणं. एका प्रकरणात आरोप असलेला माणूस कंपनीचा सगळ्यात जास्त धंदा आणणारा होता. अहवाल विरोधात गेला. वरून निरोप आला, नुसती ताकीद द्या. वकीलबाई स्वतः ऑफिसात आल्या आणि संचालकांना म्हणाल्या, समितीने बडतर्फीची शिफारस केली आहे, ६० दिवसांत अंमल करायचा आहे. त्या माणसाचा धंदा तुम्हाला सोडवत नसेल तर तसं लेखी द्या, मी फाईलला लावते. कोणी लिहून दिलं नाही. तो गेला.

मालकाला त्याच्याच खोलीत बसून नाही म्हणता येईल अशी बाई तिथे असणं, याची किंमत बाहेर उभ्या असलेल्यांना कळत नाही. पेठेतली, लेकीला जरूर पाठवा.

दुपारची झोप | १४ जानेवारी, दुपारी ३.३०

गंभीर शंका. आमचा वॉचमन यूएलपी टाकू शकतो का? नव्या सेक्रेटरींनी विचारायला सांगितलंय.

सनद | १४ जानेवारी, सायंकाळी ६.१५

सोम विहार प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २००२ मध्ये म्हटलं आहे की फक्त सभासदांच्या सेवेसाठी माणसं ठेवणारी गृहनिर्माण संस्था म्हणजे उद्योग नव्हे. तेव्हा औद्योगिक विवादाचा मार्ग अवघड. किमान वेतनाचं वगैरे स्वतंत्रपणे बघावं लागतं. पण सेक्रेटरींना सांगा, त्याचा पगार वेळेवर करा, वर्षाला थोडा वाढवा, प्रश्न मिटेल.

मुळामुठा | १४ जानेवारी, रात्री ८.००

विषय निघालाच आहे तर: भाच्याला कंपनीने २ वर्षांचा बाँड लिहून घेतलाय, आधी सोडलं तर २ लाख. शिवाय सोडल्यावर वर्षभर प्रतिस्पर्ध्याकडे जायचं नाही. हे चालतं का?

सनद | १४ जानेवारी, रात्री ८.४०

दोन वेगळे मुद्दे. नोकरी सोडल्यानंतरची बंदी करार कायद्याच्या कलम २७ खाली सहसा टिकत नाही. नोकरी चालू असतानाची टिकते, तसा १९६७ चा निकाल आहे. बाँडची रक्कम वाजवी असेल आणि भरती-प्रशिक्षणाचा खर्च खरा असेल तर टिकू शकते. विजया बँकेच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २०२५ मध्ये २ लाखांची अट मान्य केली. भाच्याला म्हणावं, प्रशिक्षण काय दिलं त्याची नोंद ठेव.

चाकणची धूळ | १४ जानेवारी, रात्री ९.२०

वकीलसाहेब, तुम्ही जुनी कलमं सांगताय. २१ नोव्हेंबर २०२५ पासून चारही कामगार संहिता, म्हणजे जुन्या कामगार कायद्यांच्या जागी आलेले नवे कायदे, लागू झाल्यात. आमच्याकडे रोज एक वेबिनार, आणि रोज नवा गोंधळ.

सनद | १४ जानेवारी, रात्री १०.०५

बरोबर. जुनी कलमं सांगितली कारण लोकांच्या तोंडी तीच आहेत आणि इथले प्रसंगही जुन्या कायद्यातले आहेत. औद्योगिक संबंध संहितेने १९४७ चा औद्योगिक विवाद कायदा, स्थायी आदेशांचा कायदा आणि ट्रेड युनियन कायदा रद्द केले. एमआरटीयू-पल्प राज्याचा, त्याचं नाव त्या तिघांत नाही.

भरपाईचे वर्षाला १५ दिवस कायम आहेत, शिवाय कपात झालेल्या कामगाराच्या नव्या कौशल्यासाठी निधीत मालकाने १५ दिवसांचा पगार भरायचा. सरकारची परवानगी न घेता कपात करण्याची मर्यादा १०० वरून ३०० कामगारांवर गेली. चाकणच्या मधल्या आकाराच्या कारखान्यांत याचा परिणाम मोठा होणार, आणि मला स्वतःला हा बदल काळजीचा वाटतो, मालकांचा वकील असूनही. परवानगीची पायरी होती तेव्हा मालक दोनदा विचार करायचा. देखरेख करणाऱ्यांची पगारमर्यादा १०,००० वरून १८,००० झाली. मुदतीच्या नेमणुकीवर असलेल्यांना एका वर्षानंतर ग्रॅच्युइटी. आणि बेंचवरचा, हे तुमच्यासारख्यांसाठी: वेतन संहितेप्रमाणे राजीनामा असो की काढणं, पगाराचा हिशेब दोन कामाच्या दिवसांत द्यायचा. एफ अँड एफसाठी, म्हणजे शेवटच्या हिशेबासाठी, दीड-दीड महिना लटकवण्याचे दिवस संपायला हवेत.

पेठेतली | १५ जानेवारी, रात्री ९.१५

सगळ्यांचे आभार कसे मानू कळत नाही. लेकीने आणि सासऱ्यांनी हा धागा एकत्र बसून वाचला. जुना कामगार यांची रिक्षाची हकिकत सासऱ्यांनी दोनदा वाचून घेतली. लेकीचे प्रश्न: सुरुवातीला शिकायचं काय? पुढे बाजू बदलता येते का? आणि कामगारांसाठीही काही करता येईल का?

सनद | १५ जानेवारी, रात्री १०.१०

पहिलं वर्ष तिने कोर्टापेक्षा चौकशांना बसावं. कॅन्टीनच्या टेबलावर चौकशी चालते, साक्षीदार हात पुसत मशीनवरून येतो, त्याचं बोलणं त्याच्या शब्दांत उतरवायचं, प्रत्येक पानावर दोघांच्या सह्या, खाली "वाचून दाखवले, बरोबर आहे." कामगाराचा बचाव प्रतिनिधी सहकारी असतो, तो घाबरला तर त्याला वेळ द्यायचा. हे नीट झालं नाही तर वर कितीही मोठा वकील लावा, चौकशी सदोष ठरते. मग मालकाला कोर्टात नव्याने पुरावा द्यायची संधी मिळू शकते, पण ती आधी लेखी जबाबातच मागून ठेवावी लागते. घटनापीठाचा २००१ चा लक्ष्मीदेवम्मा निकाल तिला वाचायला सांगा. आणि मराठी टायपिंग पक्कं हवं. आरोपपत्र कामगाराला कळेल अशा भाषेत हवं. आयएलएस लॉ कॉलेजला कामगार कायद्याची पदविका आहे, काम करता करता होते.

बाजू बदलता येते, अनेकांनी बदलली आहे. फक्त ज्या कंपनीचं काम केलं तिच्याविरुद्ध, तिथली माहिती वापरून, उभं राहता येत नाही. कामगारांसाठी विधी सेवा प्राधिकरण आहे. औद्योगिक कामगाराला आणि स्त्रियांना मोफत वकील मिळण्याचा हक्क आहे, उत्पन्न कितीही असो. तिथल्या पॅनेलवर नाव देण्याआधी सीनिअरशी बोलून घ्यावं.

टेकडीवर | १५ जानेवारी, रात्री १०.५०

माझं एक ऐका. रुजू होण्याआधी तिने सीनिअरला समोर बसून विचारावं: ब्रेक देण्याच्या योजना तुम्ही आखून देता का? चौकशी अधिकारी कोण नेमता, तुमच्याच ऑफिसातला वकील की बाहेरचा? उत्तर टाळलं तर निघून यावं.

जुना कामगार | १६ जानेवारी, सकाळी ७.३०

टेकडीवर बरोबर बोलले. विचारायचंच. पोरगी विचारू शकली नाही तर पुढे मालकालाही नाही म्हणू शकणार नाही.

पेठेतली | १९ जानेवारी, रात्री ८.४५

विचारून आली. सीनिअर म्हणाले, ब्रेकच्या योजना आम्ही आखत नाही. पण काही पक्षकार आपल्या मनाने तसं करतात आणि मग केस घेऊन आमच्याकडे येतात, ती आम्ही लढवतो, तडजोडीचा प्रयत्न आधी करून. चौकशीला अधिकारी बाहेरचा नेमतात. विधी सेवेच्या पॅनेलला एका वर्षानंतर हरकत नाही, आमच्या पक्षकारांविरुद्धची प्रकरणं सोडून. लेकीने हो म्हटलं आहे. सासऱ्यांनी तिला त्यांच्याकडचे जुने वेतन करार वाचायला दिले, म्हणाले, समोरच्या टेबलावरून कसं दिसतं तेही माहीत असू दे.

टेकडीवर | १९ जानेवारी, रात्री ९.३०

"लढवतो" हे मला अजूनही पटत नाही. माझ्या भावासारख्याची केस तिच्या टेबलावर आली तर ती काय करेल?

सनद | १९ जानेवारी, रात्री १०.००

फाईल वाचेल, आणि चार ओळखपत्रं, गेट एक, हे दिसलं की पक्षकाराला सांगेल की ही केस तुम्ही हरणार, माणसाला कायम करा. माझ्या ऑफिसात तरी हेच होतं. भावाला घेऊन या, मी त्याची केस घेऊ शकत नाही, पण घेणाऱ्या दोन चांगल्या वकिलांची नावं देतो.

टेकडीवर | १९ जानेवारी, रात्री १०.२०

व्यक्तिगत निरोप पाठवला आहे. शनिवारी चालेल का?